पहिले तुकोजीराव होळकर : फौज आणि खजिना

होळकरशाहीचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः तीन नावांवर विसावतो. दौलत मिळविणारे पहिले मल्हारराव, ती सांभाळणाऱ्या अहिल्याबाई आणि तिच्यासाठी अखेरपर्यंत झुंजलेले यशवंतराव. मल्हारराव १७६६ मध्ये निवर्तले. यशवंतरावांचे नाव ठळकपणे पुढे येते ते १७९७ नंतर. मधल्या तीस वर्षांचा काळ आपण एकट्या अहिल्याबाईंच्या नावे मांडून मोकळे होतो. परंतु याच तीस वर्षांत होळकरांची फौज दिल्लीपर्यंत गेली, बोरघाटात इंग्रजांशी लढली, तुंगभद्रेच्या बाजूस टिपूवर चालून गेली आणि अखेर राजपुतान्यातील एका खिंडीत शिंद्यांच्या पलटणींपुढे तिची वाताहत झाली. अहिल्याबाईंचे वास्तव्य या काळात महेश्वरी होते. ही फौज ज्यांच्या हुकमतीखाली होती ते तुकोजीराव होळकर. अठ्ठावीस वर्षे ते या दौलतीचे सेनानायक होते आणि शेवटची दोन वर्षे तिचे एकटे धनी होते.

आमच्या इंदुरात तुकोजीराव हे नाव अपरिचित आहे असे नाही. पण ते घेताना शहराला आठवतात ते एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील दुसरे व तिसरे तुकोजीराव. पहिल्या तुकोजीरावांची गोष्ट निराळी आहे. वर्गात ‘अहिल्याबाईंच्या पश्चात गादीवर कोण आले?’ असे विचारले, तर बहुतेक मुले यशवंतरावांचे नाव सांगतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांची पुस्तकेही तसेच सुचवितात. आणखी एक लहानशी गोष्ट शिक्षकबंधूंच्या लक्षात आली असेल. आपल्या इतिहासग्रंथांत अहिल्याबाईंना आदरार्थी बहुवचन मिळते आणि त्याच पानावर तुकोजीला एकवचन. निवाडा असा व्याकरणातच देऊन टाकलेला असतो. प्रस्तुत लेखात दोघांनाही बहुवचन वापरले आहे, ते तुकोजीरावांची थोरवी सिद्ध करावयाची आहे म्हणून नव्हे. त्यांच्या अपयशाची चौकशी करावयाची, तर आधी त्यांना उभे राहावयास जागा द्यावी, एवढाच हेतू.

तुकोजीरावांचा जन्म १७२३ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे अहिल्याबाईंहून ते एकदोन वर्षांनी वडीलच. आडनाव होळकर, परंतु मल्हाररावांशी त्यांचे जवळचे रक्ताचे नाते नव्हते. मल्हाररावांच्या पदरी राहून, पागेचा अधिकार सांभाळीत ते वाढले. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, मल्हारराव स्वतः १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे वारले, आणि नातू मालेराव वर्षभराच्या आतच गेले. घराण्यात कर्ता पुरुष उरला नाही. त्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाची योजना पुढे केली आणि रघुनाथराव फौजेनिशी माळव्यात उतरले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अहिल्याबाईंनी त्यांना दिलेल्या तेजस्वी उत्तराच्या कथा आपण नेहमी सांगतो. क्षिप्रेच्या अलीकडे फौज घेऊन रघुनाथरावांची वाट अडविण्यास जे उभे राहिले ते तुकोजीराव होते, हे मात्र त्या कथेत बहुधा गळून जाते. 

पुढे जी व्यवस्था ठरली ती मुळात पाहण्याजोगी आहे. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी सुभेदारीची वस्त्रे तुकोजीरावांना दिली. म्हणजे पेशवाईच्या दफ्तरी होळकरांचे सरदार तुकोजीराव. पण त्यांची निवड अहिल्याबाईंनी केलेली होती, घराण्याचा वारसा अहिल्याबाईंकडे होता आणि मल्हाररावांनी साठविलेले द्रव्यही अहिल्याबाईंच्याच ताब्यात होते. ते दोन कोटींच्या घरात असल्याची ख्याती माल्कमच्या कानी आली होती. तुकोजीरावांच्या शिक्क्यात त्यांना मल्हाररावांचे पुत्र म्हणून संबोधण्यात आले, तेही बाईंच्या इच्छेवरून. मल्हाररावांचे पुत्र ठरल्यावर ते नात्याने अहिल्याबाईंचे दीर झाले असते. पण वयाने वडील असूनही ते बाईंना ‘मातुश्री’ म्हणत. नात्यांचा हा गुंता विनोदी वाटेल, परंतु त्यात या राज्याची घटना साठविलेली आहे. शिक्का एकाचा, सत्ता दुसऱ्याची, आणि दोहोंना सांधणारा धागा एका संबोधनाचा.

खजिन्याची गोष्ट याहून जुनी. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागिरी करून दिली होती. तिला खासगी म्हणत. फौजेच्या खर्चासाठी जो मुलूख लावून दिला ती दौलत. गौतमाबाईंच्या मागे खासगी अहिल्याबाईंकडे आली. तिचे उत्पन्न सालीना चार लाखांच्या वर असल्याचे माल्कम सांगतो. काशीचे विश्वेश्वराचे देवालय, जागोजागचे घाट, विहिरी, अन्नछत्रे यांचा खर्च अहिल्याबाई याच उत्पन्नातून करीत आणि राज्याच्या पैशाला धर्मादायासाठी हात लावीत नसत. ही त्यांच्या चोख व्यवहाराची साक्षच होय. पण याची दुसरी बाजूही आहे. खासगी आणि दौलत यांची वाटणी होती, पण दौलतीत तूट आली तर ती कोणी भरून काढावी याचा नियम कोठेच नव्हता. तुकोजीराव दक्षिणेत असताना सातपुड्याच्या खालच्या मुलखाचा वसूल ते करीत आणि माळवा-निमाड बाई पाहत. ते उत्तरेत असले म्हणजे राजपुतान्याच्या व बुंदेलखंडाच्या खंडण्या त्यांनी गोळा कराव्या. खंडणी ही कधी येणारी, कधी न येणारी वस्तू. शिपायाचा रोजमुरा मात्र दर महिन्याचा. बहुतेक भांडणांचे मूळ या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

येथे वाचकांना घटकाभर फार दूर नेतो. ज्या वर्षांत हे सर्व आपल्याकडे चालले होते त्याच वर्षांत अटलांटिक महासागरापलीकडे एक नवे राज्य जन्मास येत होते, आणि त्यालाही हाच प्रश्न पडला होता. १७८३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील न्यूबर्ग येथील छावणीत, पगार थकलेल्या अधिकाऱ्यांत असंतोष इतका माजला की ते काँग्रेसवरच उलटतात की काय अशी भीती उत्पन्न झाली. वॉशिंग्टन यांनी स्वतः छावणीत उभे राहून तो प्रसंग निभावला. चार वर्षांनी त्या लोकांनी राज्यघटना लिहिली. तिच्यात सेनापतीपद अध्यक्षाकडे दिले आणि थैली काँग्रेसच्या हाती ठेवली. सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांपलीकडची रक्कम मंजूर करू नये, असेही घातले. म्हणजे फौज एकाकडे आणि खजिना दुसरीकडे, ही वाटणी त्यांनीही केली; किंबहुना मुद्दाम केली. महेश्वर आणि फिलाडेल्फिया यांच्यात साम्य एवढेच. भेद असा की तेथे कोणी कोणास काय मागावे, किती मुदतीचे मागावे आणि नकार मिळाल्यास पुढे काय, हे कागदावर होते. येथे सर्व भार ‘मातुश्री’ या एका शब्दावर होता. तो शब्द अठ्ठावीस वर्षे टिकला याचे नवल वाटावे, आणि त्याचे श्रेय दोघांनाही द्यावे.

आता तुकोजीरावांच्या मोहिमांकडे वळू. पहिली मोठी स्वारी १७६९ ते १७७२ ची. रामचंद्र गणेश आणि विसाजी कृष्ण यांच्या पुढारीपणाखाली महादजी शिंदे आणि तुकोजीराव उत्तरेत उतरले. पानिपतानंतर गेलेली पत परत मिळवावयाची होती, आणि ती मिळालीही. १७७१ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हाती आली आणि पुढील वर्षाच्या आरंभी शहाआलम बादशहा त्यांच्याच आश्रयाने राजधानीत परतला. परंतु या यशस्वी मोहिमेतच शिंदे-होळकरांचा बेबनाव उघड झाला. कारण नजीबखान. पानिपतावर पाय कायमचा अधू झालेल्या महादजींना त्याचा सूड हवा होता. मल्हाररावांनी नजीबखानाला नेहमी पाठीशी घातले होते आणि तुकोजीरावांनी तेच धोरण पुढे चालविले. मल्हाररावांच्या मुद्रेबरोबर त्यांचे स्नेह आणि वैरेही तुकोजीरावांच्या वाट्याला आली. स्वतःचे धोरण असे त्यांनी कधी आखले नाही, हा आक्षेप येथे पहिल्यांदा घ्यावा लागतो.

नारायणराव पेशव्यांच्या वधानंतरच्या धामधुमीत तुकोजीरावांचे वर्तन डळमळीत दिसते. कधी बारभाईंच्या बाजूस, कधी रघुनाथरावांविषयी मनात ओलावा. १७७८ मध्ये मोरोबा फडणिसांनी पुण्यात जे कारस्थान उभारले त्यात ते सामील झाले, आणि महादजींनी द्रव्य देऊन त्यांना परत फिरविले. या प्रसंगावरून त्यांच्यावर लोभीपणाचा शिक्का बसला. तो पुसून टाकण्याची माझी इच्छा नाही. पण लाखांच्या रकमेवर एक सेनापती फिरतो तेव्हा त्याच्या छावणीत किती महिन्यांचा पगार तुंबला होता, हाही प्रश्न विचारावा. लोभी माणूस पैसा साठवितो; तुकोजीरावांनी मागे काही साठवून ठेवल्याचे दिसत नाही.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, इंग्रज रघुनाथरावांना घेऊन घाट चढले तेव्हा, हेच तुकोजीराव महादजींच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १७७९ च्या जानेवारीत वडगावी इंग्रजी फौज कोंडली गेली आणि तिला मानहानीचा तह करावा लागला. वडगावचे श्रेय महादजींना मिळाले आणि ते योग्यच आहे, तरी होळकरांची फौज त्या कोंडीत बरोबरीची भागीदार होती. दोन वर्षांनी जनरल गॉडर्ड बोरघाटापर्यंत चढून आला. या वेळी महादजी माळव्यात गुंतलेले होते. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजीराव या तिघांनी त्याची रसद तोडली, त्याला हैराण केले आणि १७८१ च्या एप्रिलमध्ये मोठे नुकसान सोसून माघार घेण्यास भाग पाडले. ही लढाई तुकोजीरावांच्या आयुष्यातील उत्तम कामगिरी म्हणावी. डोंगराळ मुलूख, हलके घोडदळ, शत्रूच्या मागे राहून त्याची वाट बंद करणे: मल्हाररावांच्या शाळेत ते जे शिकले होते ते सर्व येथे उपयोगी पडले. पुढे १७८६ मध्ये टिपूवरील मोहिमेत ते कर्नाटकात होते. तिचा शेवट पुढील वर्षी गजेंद्रगडच्या तहाने झाला. तेथे त्यांच्या हातून काही विशेष घडले असे नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

या सर्व काळात महेश्वर आणि छावणी यांच्या दरम्यान पत्रांची ये-जा चालू होती, आणि त्या पत्रांत लढाईपेक्षा पैशाचाच विषय अधिक. पारसनिसांनी प्रसिद्ध केलेल्या महेश्वर दरबारच्या बातमीपत्रांनी या काळातील दरबाराचे अंतरंग पुष्कळच उघडे केले आहे. बाईंचे म्हणणे असे की, मुलखाचा वसूल फौजेकडे जातो, त्याचा हिशेब महेश्वरी येत नाही, कारभारी मध्येच खातात. दिवाण नारो गणेश यांच्यावर त्यांचा विशेष रोष. तुकोजीरावांचे म्हणणे असे की, फौज पुण्याच्या हुकमाने परमुलखात पडली आहे, कर्ज झाले आहे, आणि घरात द्रव्य असून मिळत नाही. दोघांच्या तक्रारी नाना फडणविसांकडे जात. नानांना या भांडणात न्याय करावयाचा होता की ते जिवंत ठेवावयाचे होते, याविषयी मत बनविताना वाचकांनी नानांचा स्वभाव ध्यानी घ्यावा.

अहिल्याबाईंची बाजू पोकळ होती असे समजण्याचे कारण नाही. माल्कमने दिलेली एक हकीकत आम्हा इंदूरकरांच्या जिव्हाळ्याची आहे. तुकोजीरावांची छावणी एकदा इंदुराजवळ पडली होती. शहरातील एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. काही स्वार्थी लोकांच्या सल्ल्याने तुकोजीरावांनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरी धावली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन तिचा संपत्तीवरचा पूर्ण हक्क मान्य केला आणि तुकोजीरावांना आज्ञा धाडली की, शहरापासून छावणी दूर हलवावी, माझ्या शहरास अन्यायाच्या मागण्यांचा उपद्रव देऊ नये. तुकोजीरावांनी आज्ञा पाळली. या गोष्टीतून बाईंच्या न्यायाचे दर्शन घडते, आणि ती त्यासाठीच सांगितली जाते. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. हजारो घोडेस्वारांचा धनी, पेशव्यांची वस्त्रे ल्यालेला सुभेदार, महेश्वराहून आलेल्या एका पत्रासरशी तळ उठवितो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हिंदुस्थानात याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. इंदूर जे वाढले, व्यापारी येथे निर्धास्तपणे वसले, त्याचे कारण बाईंची आज्ञा हे तर आहेच. ती पाळली गेली, हेही आहे.

तुकोजीरावांच्या कारकीर्दीचा शोकपर्यवसायी भाग १७८८ नंतरचा. आदल्या वर्षी लालसोटला महादजींची बाजू लंगडी पडली होती. पुण्याहून अलीबहादर आणि तुकोजीराव यांना मदतीस पाठविण्यात आले. मदत म्हणून गेलेली ही फौज उत्तरेतील कमाईत वाटा मागू लागली. होळकरांच्या दृष्टीने ही मागणी जुन्या प्रघाताला धरून होती; बाजीरावांच्या काळापासून उत्तरेतील उत्पन्नात शिंदे आणि होळकर बरोबरीचे भागीदार. महादजींच्या दृष्टीने ती अन्यायाची होती, कारण जे मिळाले ते त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळविले होते. दोन्ही म्हणणी खरी होती.

परंतु खरा फरक हक्काचा नव्हता, फौजेच्या घडणीचा होता. महादजींनी १७८४ पासून डी बॉइन या सव्हॉयच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या होत्या. कवायती पायदळ लुटीवर जगत नाही. त्याला दर महिन्यास रोख पगार लागतो, तोफांचा कारखाना लागतो, दारूगोळ्याचा साठा लागतो. महादजींनी हे ओळखून या खर्चासाठी दुआबातील परगणे डी बॉइनच्या हवाली तोडून दिले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी राजपुतांचा मोड केला आणि त्यांचे सामर्थ्य सर्वांच्या डोळ्यांत भरले. तुकोजीरावांनाही उशिरा का होईना पण ते उमगले. त्यांनी दुद्रनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यास चाकरीस ठेवले आणि चार पलटणी उभ्या केल्या. चारच. त्यांच्यापाशी दुआबाचे परगणे नव्हते आणि महेश्वरचा खजिना त्यांच्या हुकमाचा नव्हता. तुकोजीरावांना नवी युद्धविद्या समजली नाही असे काही लेखक म्हणतात. मला वाटते, समजली, परवडली नाही.

१७९२ च्या शरद ऋतूत दोन्ही फौजांत पहिली चकमक झडली आणि १ जून १७९३ रोजी बुंदीच्या मुलखातील लाखेरीच्या खिंडीत निकालाची लढाई झाली. शिंद्यांकडे गोपाळरावभाऊ, लखबादादा आणि डी बॉइन. होळकरांकडे मोठे घोडदळ आणि दुद्रनेकच्या चार पलटणी. महादजी स्वतः त्या वेळी पुण्यात होते. तुकोजीराव सत्तरीच्या घरात आले होते आणि त्यांचे पुत्र मल्हारराव तरुण व उतावळे होते. आरंभी शिंद्यांच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट झाला; त्या गोंधळाचा लाभ होळकरांच्या घोडदळाला घेता आला नाही. दुद्रनेकची माणसे जागेवरून हलली नाहीत. ती जवळजवळ सर्व तेथेच पडली आणि ३८ तोफा शिंद्यांच्या हाती गेल्या. आपण पाहिलेल्या लढायांत ही सर्वांत चिवट होती, असे डी बॉइन पुढे म्हणे. पराभूत तुकोजीराव माळव्यात परतले ते वाटेत उज्जैनीवर राग काढून. शिंद्यांची राजधानी म्हणून त्यांनी ती लुटली. त्या उज्जैनीत महाकालाचे देऊळ आहे आणि तेथील रहिवाशांनी लाखेरीला गोळी झाडली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी सुचले नाही. तुकोजीरावांच्या चरित्रातील हा डाग मोठा आहे आणि त्याला खजिन्याची सबब पुरत नाही.

लाखेरीच्या लढाईत दोन्ही बाजूंनी मराठे मेले. नऊ महिन्यांच्या आत महादजीही पुण्याजवळ वानवडीस वारले. ज्या उत्तरेसाठी भांडण झाले ती पुढे दहाच वर्षांत लेकच्या फौजेने घेतली.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांचे सर्व सरदार अखेरचे एकत्र जमले, त्यांत वृद्ध तुकोजीराव होते. त्याच वर्षी १३ ऑगस्टला महेश्वरी अहिल्याबाईंचा अंत झाला, आणि ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. फौज आणि खजिना आता प्रथमच एका हाती आले. पण तो हात थकलेला होता. तुकोजीराव पुण्यातच अडकून पडले. पेशवाईच्या वारसाचे राजकारण वर्षभर घोळत राहिले आणि माळव्याकडे पाहण्यास त्यांना उसंत मिळाली नाही. शरीरही साथ देत नव्हते. चार पुत्र: काशीराव आणि मल्हारराव हे औरस, यशवंतराव आणि विठोजी हे अनौरस. काशीराव वडील, पण शरीराने अधू आणि स्वभावाने दुबळे. मल्हारराव धडाडीचे, पण धाकटे. कोणास काय द्यावयाचे, हे तुकोजीरावांनी निश्चयाने ठरविले नाही. स्वतःची नेमणूक झाली त्या वेळी अहिल्याबाईंनी दाखविलेला निर्णयाचा ठामपणा त्यांच्या अंगी नव्हता.

याच वर्षाच्या मार्चमध्ये, म्हणजे १७९७ साली, जॉन ॲडम्स अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. त्यांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते आणि त्यांच्या देशातही ते वॉशिंग्टन आणि जेफरसन या दोन थोर नावांच्या मध्ये दबून गेले आहे. तुकोजीरावांशी त्यांची तुलना करणे धाडसाचे होईल. ॲडम्स कायदेपंडित, ग्रंथकार, आणि तुकोजीराव घोड्याच्या पाठीवर वाढलेले शिपाई. परंतु पूज्य माणसाच्या मागून अधिकारावर येणाऱ्याची दशा दोघांनीही भोगली. ॲडम्स यांच्या काळात फ्रान्सशी युद्धाचा प्रसंग आला, तेव्हा त्यांना सेनापतीपदासाठी निवृत्त वॉशिंग्टन यांनाच बोलवावे लागले, आणि वॉशिंग्टन यांच्या आग्रहाने हॅमिल्टन यांना दुसरे स्थान द्यावे लागले, जे ॲडम्स यांना मुळीच रुचत नव्हते. तरी त्यांनी स्वपक्षाचा रोष पत्करून फ्रान्सशी १८०० मध्ये सलोखा केला. त्याच वर्षीची निवडणूक ते हरले. ४ मार्च १८०१ रोजी पहाटेच ते राजधानी सोडून गेले; प्रतिस्पर्ध्याच्या शपथविधीला थांबण्याइतके मन मोठे झाले नाही. पण गेले. एक शिपाई हलला नाही, एक तोफ डागली गेली नाही. ॲडम्स यांचे मन कसेही असो, त्यांच्या पाठीशी नियम होता.

तुकोजीराव १५ ऑगस्ट १७९७ रोजी पुण्यात वारले. महिना उलटला नाही तोच काशीरावांनी दौलतराव शिंद्यांची मदत मागितली, आणि १४ सप्टेंबरला शिंद्यांच्या पलटणींनी भांबुर्ड्याजवळ मल्हाररावांच्या छावणीवर छापा घालून त्यांना ठार केले. यशवंतराव नागपुराकडे निसटले, विठोजी कोल्हापुराकडे. ॲडम्स आपल्या गावी परतले त्यानंतर सहा आठवड्यांनी, १६ एप्रिल १८०१ रोजी, विठोजींना पुण्यात बाजीरावांच्या आज्ञेने हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याच वर्षी यशवंतरावांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचे उट्टे काढण्यासाठी शिंद्यांचे सर्जेराव घाटगे ऑक्टोबरात माळव्यात आले, इंदुराजवळ लढाई झाली आणि यशवंतरावांना मागे हटावे लागले. मग ज्या शहराच्या वेशीजवळून तुकोजीरावांनी एका पत्रासरशी छावणी उठविली होती, त्या इंदुरात घाटग्यांचे शिपाई शिरले आणि त्यांनी ते लुटले.